ब्रसेल्सहून ब्रुजला एका दिवसात जाऊन यावं की रात्री राहावं? तिथे संध्याकाळी काय असतं, आणि खरेदी काय करावी?

राहाच. निदान एक रात्र तरी.

मी नोकरीनिमित्त दोन वर्षं बेल्जियममधल्याच लूव्हेन शहरात होतो. पहिल्या वेळी आम्हीही तुमच्यासारखंच ठरवलं होतं. ब्रसेल्सहून गाडीला तासभरच लागतो, मग सकाळी जाऊन संध्याकाळी परत. पण दिवसभर रोझेनहूडकाई या कालव्याकाठच्या धक्क्याच्या कठड्याशी फोटोसाठी गर्दी, होडीला रांग, घंटाघराला रांग. पुढे आई-बाबा आले तेव्हा मात्र मुक्काम केला. संध्याकाळी सहलीच्या बसगाड्या निघून गेल्या, कालव्याकाठचे दिवे लागले आणि विटांच्या भिंती पाण्यात उतरल्या. घंटाघरातल्या ४७ घंटांची धून वाजली तेव्हा आई बाकावर बसली ती बराच वेळ उठली नाही. माझ्या मनातलं ब्रुज हे आहे.

हे गाव एवढं टिकलं ते त्याच्या गरिबीमुळे. झ्विनची खाडी गाळाने भरली, जहाजं येईनाशी झाली, व्यापार अँटवर्पला गेला. जुनं पाडून नवं बांधायला पैसाच उरला नाही. कोकणातल्या जुन्या बंदरांची गत ज्यांना माहीत आहे त्यांना हे लगेच कळेल.

रात्री डिस्को वगैरे शोधत असाल तर ब्रुज त्यासाठी नाही. इथली रात्र म्हणजे लहान, लाकडी छताच्या बिअरच्या खोल्या. कॅफे व्लिसिंगे १५१५ पासून चालू आहे. मुख्य चौकाजवळच्या अरुंद बोळात दे गारे आहे. तिथली ट्रिपल बिअर ११ टक्के अल्कोहोलची, म्हणून सावकाश प्या. दे हाल्व्हे मान ही भट्टी गावातच बिअर बनवते आणि २०१६ पासून सुमारे तीन किलोमीटरच्या जमिनीखालच्या नळातून ती बाटल्या भरायला गावाबाहेर पाठवते. दुपारी तिथली सफर जरूर करा. पीत नसाल तरी संध्याकाळ वाया जात नाही, मिन्नेवाटर तळ्यापर्यंत नुसतं चालत जा.

दिवसा दोन गोष्टी चुकवू नका. ऑन्झे-लीव्हे-व्ह्राउवेकेर्क या चर्चमध्ये मायकेलअँजेलोची मेरी आणि बाळ येशूची संगमरवरी मूर्ती आहे. १७९४ मध्ये फ्रेंचांनी आणि १९४४ मध्ये जर्मनांनी ती पळवली होती, दोन्ही वेळा परत आली. दुसरी गोष्ट बेगाइनहोफ, म्हणजे धार्मिक वृत्तीने एकत्र राहणाऱ्या बायकांची जुनी वसाहत. १२४५ चं हे आवार, पांढरी घरं, उंच झाडं, तिथे हळू आवाजात बोलायचं. घंटाघराच्या ३६६ पायऱ्या गुडघे चांगले असतील तरच चढा. बाबा खालीच थांबले होते आणि त्यांनी बरोबर केलं.

खरेदी संध्याकाळवर ठेवू नका, बरीचशी दुकानं सहाच्या सुमारास बंद होतात. लेस घ्यायची असेल तर आधी कांटसेंट्रम या लेसच्या केंद्रात दुपारी बायकांचे हात बघा. डझनावारी लाकडी बॉबिन, म्हणजे दोरा गुंडाळलेल्या काड्या, इकडून तिकडे फिरतात आणि बोटभर नक्षीला तासन् तास जातात. ते पाहिलं की दुकानातला स्वस्त मोठा टेबलक्लॉथ हाती विणलेला असूच शकत नाही, हे आपोआप कळतं. छोटाच तुकडा घ्या, पण खरा घ्या. चॉकलेट खोक्यातलं नको. छोट्या दुकानात सुटी प्रालिन, म्हणजे सारण भरलेली चॉकलेटं, वजनावर मिळतात, ती शेवटच्या दिवशी घ्या. मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा शनिवार-रविवार असेल तर दायव्हरच्या कालव्याकाठी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. मी तिथून पितळेची एक पळी घेतली, ती अजून रोज वापरात आहे.

शाकाहारी असाल तर एक सांगतो. बेल्जियमचे फ्राइज परंपरेने गाईच्या चरबीत तळतात. गाडीवर आधी विचारा, वनस्पती तेलात तळणारेही आहेत.

हॉटेल स्टेशनजवळ न घेता गावात घ्या. रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत, त्यामुळे चाकांची मोठी बॅग ब्रसेल्सलाच ठेवून पाठीवरच्या पिशवीत रात्रीपुरतं न्या. आणि सकाळी सातला उठून रोझेनहूडकाईला जा. त्या कठड्याशी तेव्हा फक्त तुम्हीच असाल.