मधला दिवस

प्रिय मुली,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. गौरी-गणपतींचं विसर्जन उरकून मंगळवारी रात्री चिपळूणला कोकणकन्येत चढलीस, पहाटे ठाण्याला उतरलीस आणि आंघोळ करून दहाला ऑफिसात हजर झालीस. गुरुवारी टीडीएसचं, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेल्या कराचं, चलान भरताना वर्षच चुकीचं निवडलंस. सिनियरने ऐनवेळी पाहिलं म्हणून निभावलं. आणि शुक्रवारी रात्री मला विचारतेस की सीएच्या वाटेला जाणंच चुकलं का, आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठी ऑफिसात करायची उमेदवारी, सोडून गावाला परत जाऊ का.

या प्रश्नाचं उत्तर मी आज देणार नाही आणि तूही देऊ नकोस. मला एवढंच दिसतंय की तुझ्या या आठवड्यात मधला दिवस नव्हता.

मधला दिवस म्हणजे प्रवास आणि काम यांच्यामध्ये आपल्या घरी काढलेला एक अख्खा दिवस आणि त्यानंतरची अख्खी रात्र. तू म्हणशील, आर्टिकलशिपमध्ये रजा मोजून मिळते, तो दिवस आणायचा कुठून? रजेतूनच आणायचा. गावाला एक दिवस उशिरा पोच, हवं तर दिवाळीची एक रजा कमी घे, पण मधला दिवस कापू नकोस. रजेच्या अर्जातच तो धरून तारीख लिही. पहाटे गाडीतून उतरून तडक कामावर जायचं, हा आमच्या पिढीने पराक्रम म्हणून मिरवला आणि तुम्हा मुलांना तोच वळण म्हणून दिला. याचं मला फार वाईट वाटतं.

या वेळचा मधला दिवस हुकला तो हुकला. आता रविवार तसा काढ. लोळून काढायचा नाही, त्यात कामं आहेत.

सोमवारी ज्या वेळी उठायचंय, त्याच वेळी रविवारी उठ. सहा म्हणजे सहा. गावाला आरत्या, भजनं आणि जाखडी नाच यांच्या नादात झोपायला दोन वाजत असणार. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासाभरानेच मागे येतं, म्हणजे बुधवारी दहाला तू खुर्चीत होतीस तरी डोकं अजून उठायचं होतं. झोपायची वेळ ठरवून हाती लागत नाही, उठायची ठरवता येते. उठल्यावर अर्धा तास गच्चीवर जा. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो, आणि घड्याळ जागेवर यायला तोच लागतो. दुपारी डोळा लागलाच तर वीस मिनिटं, तेही तीनच्या आत. चारनंतर चहा नाही. चहातलं निम्मं कॅफिन उतरायलाच पाचेक तास लागतात. मग रात्री बारापर्यंत कूस बदलत पडायचं आणि सोमवारला दोष द्यायचा.

मग बॅग. ती अजून कोपऱ्यात तशीच आहे ना? ओल्या कपड्यांसकट चेन लावून ठेवली असशील, तर कुबट वास आलेला असणार. ते कपडे वेगळे काढ. अर्धी बादली कोमट पाणी, त्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा, तासभर भिजव आणि मग साबणाने धू. विसर्जनाच्या वेळचा चिखल ओला चोळलास तर धाग्यात बसेल, म्हणून आधी वाळू दे, ब्रशने झाड, मग पाण्यात घाल. सगळे कपडे एकदम दोरीवर टाकू नकोस, या हवेत दोन बोटांचं अंतर ठेवूनसुद्धा दीड दिवस लागतो. सोमवारी घालायचे कपडे पहिल्या फेरीत धू आणि रात्री पंख्याखाली टाक. रिकामी बॅग उलटी करून वाळव आणि माळ्यावर टाक. बॅग बाहेर असेपर्यंत तू रोज सकाळी तिच्यातूनच एकेक कपडा ओढत राहशील, आणि प्रवास काही संपायचा नाही.

जेवण बाहेरून मागवू नकोस. आठवडाभर मोदक, वडे, घारगे खाऊन पोट जड झालेलं असतं. आईने कुळथाचं पीठ दिलंच असेल. दोघींपुरती पिठी करायची तर चार चमचे पीठ एक वाटी गार पाण्यात गुठळी न राहील असं कालव. तेलात लसणाच्या पाच-सहा पाकळ्या ठेचून, दोन मिरच्या, हिंग, हळद घाल. त्यावर दोन वाट्या पाणी, मीठ आणि तीन आमसुलं. उकळी आली की कालवलेलं पीठ एका हाताने ओत आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा. पीठ कोरडंच उकळत्या पाण्यात टाकलंस तर गोळे होतात, आणि ते मग काही केल्या मोडत नाहीत. पाच-सात मिनिटं उकळलं की झालं, सोबत मऊ भात. सकाळीच एक वाटी मटकी भिजत घाल आणि रात्री फडक्यात बांध. सोमवारी रात्री थकून आल्यावर उसळ फोडणीला टाकायची तेवढी राहील.

आता सोमवार. पहिला दीड तास कोणालाही उत्तर द्यायचं नाही, फक्त वाचायचं. मेल्स खालून वर वाचत येऊ नकोस. प्रत्येक विषयातली शेवटची मेल आधी उघड, कारण मागचं बरंचसं तुझ्याविना सुटलेलं असतं. कागदावर सप्टेंबरच्या तारखा घाल: 7 टीडीएस, 11 जीएसटीआर-1 (विक्रीचा तपशील), 15 आगाऊ कर, 20 जीएसटीआर-3बी (जीएसटी भरायचं मासिक विवरणपत्र), 30 लेखापरीक्षण अहवाल. प्रत्येक तारखेपुढे क्लायंटचं नाव आणि अडलंय काय ते लिही: बँक स्टेटमेंट आलं नाही, खरेदीची बिलं जुळत नाहीत, सही बाकी आहे. 30 तारखेला मुदतवाढ मिळेल या आशेवर बसू नकोस. मग सिनियरकडे पंधरा मिनिटं माग आणि एवढंच विचार की मी नसताना काय भरलं गेलं आणि काय बदललं. 7 तारखेचं चलान दोघांनी भरलं किंवा दोघांनीही नाही, हे घोटाळे असेच होतात.

सोमवारी कराच्या पोर्टलवर काहीही फाइल करायचं नाही. हे मी पुन्हा सांगेन आणि तुला कंटाळा आला तरी सांगेन. जीएसटीआर-3बी एकदा भरलं की सुधारता येत नाही, चूक पुढच्या महिन्यात निस्तरावी लागते. डिजिटल सहीच्या टोकनला, म्हणजे ती सही असलेल्या पेनड्राइव्हसारख्या वस्तूला, चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकलास तर ते लॉक होतं आणि आख्खं ऑफिस खोळंबतं. सोमवारी बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेचा हिशेब आणि आपला हिशेब जुळवायचं काम, घे. स्टेटमेंट एका बाजूला, लेजर दुसऱ्या बाजूला, एकेक नोंद टिक करत जायचं. चूक झाली तरी शिल्लक जुळत नाही आणि लगेच कळते. त्या कामात हात बसतो. मंगळवारी दुपारनंतर फाइलिंगला हात लाव, आणि वर्ष व महिना मोठ्याने वाचून मगच सबमिट कर.

मला पोरांचे लाड करतो असं म्हणतात, एक दिवस फुकट घालवायला शिकवतो म्हणतात. म्हणू देत. न झोपलेल्या मुलीने भरलेलं एक चुकीचं चलान दुरुस्त करायला किती पत्रं, किती फोन लागतात, हे त्यांनी एकदा बसून मोजावं. मधला दिवस फुकट जात नाही, तो नसला की पुढचे चार जातात. तुझे तीन गेलेच आहेत. मी हट्टी आहे हे खरं, पण या बाबतीत हट्ट सोडायचं एकही कारण मला आजवर कोणी दिलेलं नाही.

आणि तुझा मोठा प्रश्न. तो मी टाळत नाहीये. गावात राहूनही हिशेबाचं काम करता येतं, चिपळूणला, रत्नागिरीला चांगली ऑफिसं आहेत, तेव्हा प्रश्न वेडगळ मुळीच नाही. पण गणपतीहून आल्यावर आठ दिवसांत प्रत्येकालाच गाव हवंसं वाटतं. 30 तारीख जाऊ दे. ऑक्टोबरच्या मध्यावर, पूर्ण झोप झालेल्या एखाद्या साध्या शनिवारी, हाच प्रश्न कागदावर लिहून काढ. तेव्हाही उत्तर तेच आलं तर कागद घेऊन ये, आपण बसून बोलू. तोवर राजीनाम्याचा मसुदा लिहून ठेवायचा नाही.

पुढच्या गणपतीचं आत्ताच सांगून ठेवतो. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी सकाळी 8 वाजता उघडतं आणि गौरी विसर्जनाच्या रात्रीच्या गाड्या बघता बघता भरतात. मुंबई-गोवा रस्त्यावर माणगाव-इंदापूरच्या कोंडीत एसटी किती तास अडकेल याचा नेम नसतो, म्हणून त्या भरवशावर राहू नकोस. कामावर जायच्या आदल्या दिवशी पहाटे ठाण्याला उतरशील अशी गाडी बघ, ती सुटण्याच्या तारखेवरून 60 दिवस मागे मोज आणि ती तारीख मोबाइलमध्ये आजच टाक.

सस्नेह,
तुझा काका