कोकरांना पावडरी द्यायच्या आधी एवढं वाच

बाळा,

तुझा मेसेज आणि बाटल्यांचा फोटो बघितला. माडग्याळ जातीची नर कोकरं ईदला भरवायचीत म्हणून तू वजन वाढवायच्या एकदम चार पावडरी आणल्यास, पण आधी खुराक काय चाललाय ते सांग ना. एका दिवसात मका भरडा आणि सरकी पेंड ढीगभर टाकलीस तर पोटात आम्लता होते, कोकरू सुस्त पडतं, हगवण लागते, कधी दगावतंही. खुराक कोकरामागे रोज ५० ग्रॅमपासून सुरू कर, हळूहळू दोन-तीन आठवड्यांत वाढव, कडबा किंवा तुरीचं भुस्कट सोबत हवंच. खुराक जास्त झाला की खुराकाच्या किलोमागे १० ग्रॅम खायचा सोडा घालतात, स्वस्त आणि कामाची गोष्ट. यीस्टचाही उपयोग होतो तो अशाच भरपूर दाण्यावरच्या कोकरांना, नुसत्या कडब्यावर फार फरक पडत नाही.

नर कोकरांचं दुसरं दुखणं मुतखडा. दाणा आणि गव्हाचा कोंडा यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी, मग लघवीच्या नळीत खडे अडकतात. कोकरू शेपटी हलवत नुसतं कुंथत उभं राहतं, थेंब थेंब येतो, पोटावर लाथा मारतं. असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरला बोलव, सकाळची वाट बघू नको. टाळायचं असेल तर खाद्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट ठेव, अर्धा टक्का अमोनियम क्लोराईड (आपला नवसागर) घाल, मीठ दे आणि पाणी चोवीस तास समोर.

आणि गाईचं मिनरल मिक्चर मेंढरांना अजिबात देऊ नकोस!! त्यात कॉपर असतं, गाईला चालतं पण मेंढीच्या लिव्हरमध्ये ते साठत राहतं, महिनाभर काही कळत नाही आणि मग एक दिवस कोकरू पिवळं पडतं, लघवी काळसर लाल होते आणि जनावर हातचं जातं. ही चूक मी बऱ्याच गोठ्यांत बघितलीय, पैदाशीसाठी घेतलेले चांगले मेंढेही गेलेत त्यात. पिशवीवर मेंढ्यांसाठी असं लिहिलेलं असेल तरच घे.

आता पावडर चांगली की नाही ते असं बघ. सारख्या वयाची, वजनाची कोकरं दोन गटांत कर, दोघांना आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होणाऱ्या आजाराची) लस आणि जंताचं औषध दिलेलं, चारा तोच, एका गटालाच पावडर. दर १५ दिवसांनी सकाळी उपाशीपोटी काट्यावर घाल. समज रोज २० ग्रॅम जास्त भरलं तर महिन्याला ६०० ग्रॅम झाले, त्याचे पैसे पावडरीपेक्षा जास्त सुटतात का बघ, नाहीतर बंद कर.

अँटिबायोटिकवाल्या ग्रोथ पावडरी मात्र नकोच, युरोपात २००६ पासून बंद आहेत. डॉक्टरनी आजारासाठी दिलं असेल तर ते सांगतील तितके दिवस थांबून मगच बाजारात ने.