होमस्कूलिंग सुरू करण्याआधी लहान मुलांची तयारी कशी करून घ्यावी?

तुमची मुलं साडेतीन आणि पाच वर्षांची आहेत आणि सहा महिन्यांनी घरीच शिकवायला सुरुवात करायची आहे. वेगळी खोली, वेळापत्रक आणि अक्षरं गिरवणं आत्तापासून सुरू करू का, असं तुम्ही विचारलंय. खोली नको. वेळापत्रकाचं पुढे सांगते. गिरवणं तर अजिबात नको, आणि हे इतक्या ठामपणे का म्हणतेय तेही सांगते.

माझी मोठी मुलगी साडेचार वर्षांची असताना आम्ही तिला शाळेत न घालायचं ठरवलं. सासरे जन्मभर प्राथमिक शिक्षक. त्यांचं म्हणणं, "हात कोवळा असतानाच वळवावा लागतो, नंतर वळत नाही." घरी राहून पोर मागे पडली असं कुणी म्हणू नये, या धास्तीने मी कोपऱ्यात टेबल-खुर्ची आणि फळा मांडला आणि रोज सकाळी दहाला तिला 'अ' गिरवायला बसवलं. पेन्सिल ती मुठीत धरायची, इतकी दाबून की 'अ'ची उभी रेघ मागच्या दोन पानांवर उमटायची. रेघ ओळीबाहेर गेली की मी खोडायचे आणि तिचा हात धरून पुन्हा काढून घ्यायचे. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी डबा उघडला, तर सहाही पेन्सिलींची टोकं मोडलेली. फेकल्या नव्हत्या, एकीशेजारी एक नीट लावून ठेवल्या होत्या. ती दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती.

त्या दिवशी मिटलेली वही आठ महिने उघडली नाही.

त्या काळात ती वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावायची, जुन्या मासिकांतली चित्रं कापायची, माती मळायची, स्वतःची बटणं स्वतः लावायची. आणि घरं काढायची. छप्पर दरवेळी गोल नाहीतर चपटं. मी वाचत होते तेव्हा कळलं, की उभी रेघ आणि गोल मुलांना तिसऱ्या वर्षाच्या आसपास जमतात, अधिकची खूण चौथ्याच्या सुमारास, चौकोन त्याच्या पुढेमागे, आणि तिरक्या रेघा लागणारा त्रिकोण साधारण पाचव्या वर्षी. मनगटात आठ छोटी हाडं असतात. पाचव्या वर्षी त्यांतली काही अजून कूर्चाच, म्हणजे हाड न बनलेली मऊ, लवचिकच असतात, शेवटचं हाड तर ९ ते १२ वर्षांच्या दरम्यान तयार होतं. म्हणजे हात कोवळा असतो हे सासऱ्यांचं खरंच होतं. कोवळा आहे म्हणून वळवायचा की कोवळा आहे म्हणून थांबायचं, वाद एवढाच. शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये लहान मुलांसाठी आपली पहिली शाळा काढली. त्यांच्या पद्धतीतही लिहिण्याआधी खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवायला देतात. हेही मी सासऱ्यांना सांगितलं, पण ते ऐकून घेईनात.

ज्या आठवड्यात तिच्या घरावर त्रिकोणी छप्पर आलं, त्या आठवड्यात मी पेन्सिल पुढे ठेवली. 'अ'पासून नाही, 'ग म भ न'पासून. एक वळण बसलं की पुढचं त्यातूनच येतं. दोन महिन्यांत मुळाक्षरं झाली, एकही पान न फाटता. सासरे आजही म्हणतात वर्ष वाया गेलं. ती आता अकरा वर्षांची आहे आणि कुणी न सांगता पानंच्या पानं लिहिते. मला नाही वाटत काही वाया गेलं.

तेव्हा या सहा महिन्यांत हात कामाला लावा. रोज मोठ्याने वाचून दाखवा आणि गोष्ट त्यांच्या शब्दांत परत सांगू द्या. बटणं मोजायला द्या. तोंडाने "सात" म्हणताना बोट नवव्या बटणावर असेल, तर आकडे लिहायला देण्याची वेळ आलेली नाही. आणि स्वतःचा आवाज ऐका. मी शिकवायला बसले की माझा आवाज बदलायचा, तो मुलीने माझ्या आधी ओळखला होता.

पाच वर्षांचं मूल बालवाडीत जात असेल, तर ती सोडल्यावर मधे काही महिने बसवून काहीच शिकवू नका. काही मुलं चौथ्या वर्षीच आपणहून लिहू लागतात, त्यांना अडवू नका. सहा वर्षांनंतरही कात्री, बटणं जमत नसतील, किंवा ऐकण्या-बघण्याची शंका असेल, तर माझ्यासारखीच्या उत्तरावर न थांबता डॉक्टरांना दाखवा. आणि तुमच्याकडचा कायदा आधी बघा. जर्मनीसारख्या देशात मुलांना शाळेत घालणं सक्तीचंच आहे.

वेळापत्रक म्हणाल तर मोठ्याला पंधरा-वीस मिनिटांच्या दोन बैठका पुरेत, धाकट्याला एकही नको. टेबल घेतलंच असेल तर खुर्चीवर बसल्यावर पाय जमिनीला टेकतात का ते बघा. लोंबकळत असतील तर खाली खोकं ठेवा. माझ्या मुलीचे लोंबकळायचे, आणि मी तिला "नीट बस" म्हणत राहायचे.