थंडी रेंगाळली तरी शर्यत उन्हातच आहे

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ४३ वर्षांची, कर्वेनगरला राहते, पतसंस्थेत नोकरी करते. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहिल्यांदाच २१ किलोमीटर धावणार आहे. पहाटे साडेपाचला नदीपात्रातल्या रस्त्यावर सराव करते. महाशिवरात्र झाली की थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते, असं सासूबाई सांगतात. यंदा ती हलायला तयार नाही. पहिले दोन किलोमीटर पोटऱ्या दगड होतात आणि थांबल्यावर दहा मिनिटं कोरडा खोकला येतो. रविवारच्या लांब धावा दोनदा बुडाल्या. थंडी जाईपर्यंत सराव थांबवू का?

उत्तर : थांबू नका. मात्र नदीपात्र आजच सोडा.

रात्री थंड हवा जड होऊन उताराने खाली येते आणि नदीकाठच्या खोलगट भागात साचते. वर उबदार हवेचं झाकण बसतं. मग शेकोट्यांचा, जाळलेल्या पाल्याचा, गाड्यांचा धूर तिथेच कोंडून राहतो. मी शाळेत पीटी शिकवायचे तेव्हा सहा वर्षं त्याच रस्त्यावर धावले. दर फेब्रुवारीत खोकायचे आणि त्याला सर्दी म्हणायचे. टेकडीवर जायला लागले आणि खोकला गेला. तुम्हाला म्हातोबा टेकडी जवळ आहे, तिथून वेताळ टेकडीकडे जाता येतं. पहाटे वरची हवा पात्रातल्यापेक्षा कमी बोचरी असते. अंधारात मात्र जाऊ नका, दगड दिसत नाहीत. आणि एकटीने तर नकोच. मार्चच्या मध्यावर पुण्यात सूर्योदय पावणेसातच्या सुमाराला होतो. उजाडल्यावर निघा.

खोकल्याचं एक कारण हवेचा कोरडेपणाही असतो. धावताना आपण तोंडाने भराभर श्वास घेतो, श्वासनलिका कोरड्या पडतात आणि काहींच्या आकसतात. पहिली दहा मिनिटं नाकातोंडावर ओढणीचा सैल पदर घ्या, श्वासातला ओलावा त्यात टिकतो. पण छाती आवळल्यासारखी वाटत असेल किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर पुढच्या लांब धावेआधी डॉक्टरांना दाखवा. माझ्या वर्गातली एक मुलगी आठशे मीटरनंतर अशीच खोकायची आणि आम्ही सगळे तिला ‘दम कमी आहे’ म्हणायचो. तो दमा होता. औषध सुरू झाल्यावर ती तालुक्याला पहिली आली. तिला दोन वर्षं उगीच बोल लावले, हे मला अजून लागतं.

पोटऱ्यांसाठी घरातूनच गरम होऊन निघा. इमारतीचे जिने चार-पाच वेळा चढा-उतरा, मग दहा मिनिटं झपझप चाला. गार स्नायू ओढून ताणत बसू नका. पहिले दोन किलोमीटर शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतके सावकाश धावा. स्वेटर नको, पातळ पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि अंग तापलं की कमरेला बांधा. थांबल्याबरोबर घामाचे कपडे बदला.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही, पण मला ज्याची खरी काळजी वाटते, ते सांगते. थंडी धावणाऱ्याची बैरीण नाही. लांब पल्ल्यासाठी दहा-बारा अंशांची हवा उत्तमच. अडचण अशी की तुमचं शरीर महिनाभर या गारव्यात धावतंय आणि शर्यत मार्चअखेर आहे. सहाला सुटलात आणि पावणेतीन तास लागले, तर शेवटचे पाच किलोमीटर आठनंतरच्या उन्हात, डांबरावर.

बॉस्टनचं उदाहरण घ्या. तिथली मॅरेथॉन एप्रिलमध्ये असते आणि तिकडचे बहुतेक लोक हिवाळाभर गारठ्यात सराव करून येतात. २०११ साली जेफ्री मुताई तिथे २ तास ३ मिनिटं २ सेकंदांत जिंकला. पुढच्याच वर्षी ऐन शर्यतीला पारा तिशीच्या आसपास गेला आणि त्याच रस्त्यावर जिंकणाऱ्या वेस्ली कोरिरला २ तास १२ मिनिटं ४० सेकंद लागले. २०११ ला पाठीवर वारा होता हे खरं, तरीही जगातल्या उत्तम धावपटूंची ही गत. आयोजकांनी तर नोंदणी केलेल्यांना पुढच्या वर्षी धावायची मुभा दिली होती.

उन्हाची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांत, आठवड्यातून तीन दिवस, पतसंस्थेतून आल्यावर साडेपाचला चाळीस मिनिटं संथ धावा. वेग बघूच नका, घाम येऊ द्या. रविवारी मुद्दाम सातला निघा. गारव्यात तहान लागत नाही, त्यामुळे पाणी प्यायची सवय तुटलेली असते. ती आत्ताच लावा. लांब धावेनंतर मीठ घातलेलं कोकम सरबत मला सगळ्यात मानवतं.

बुडालेले दोन रविवार भरून काढायच्या फंदात पडू नका, गुडघे दुखतील. शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा सोळा-सतरा किलोमीटर झाले की पुरे, मग अंतर कमी करत न्या. आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला जरूर कळवा.