बिनकाट्याचा फड्या निवडुंग घरच्या बागेत लावावा का? तो खरंच टोचत नाही का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात चार वर्षांची मुलगी आहे, बागेत निवडुंग हवाय, रोपवाटिकेत ‘बिनकाट्याचा’ म्हणून एक फड्या निवडुंग दाखवला, तर तो निर्धास्त लावता येईल का आणि लावायचा कसा.

लावा जरूर. पण निर्धास्त होऊ नका, कारण बिनकाट्याचा निवडुंगही टोचतो.

हे मी स्वतःच्या तळहातावर शिकलो आहे. पहिला फडा, म्हणजे या निवडुंगाचा पानासारखा दिसणारा चपटा भाग, हातात आला तेव्हा तो इतका गुळगुळीत दिसत होता की मी सरळ पुस्तक धरावं तसा धरला, वर छातीशी कवटाळून घरी आणला. अर्ध्या तासाने तळहात चुरचुरायला लागला. मग मान, कारण मध्येच मी मान खाजवली होती. डोळ्यांना काही दिसेना. भिंग आणल्यावर पिवळट केसांचे पुंजके दिसले. तो शर्ट दोनदा धुऊनही टोचत राहिला, शेवटी टाकून दिला.

फड्या निवडुंगावर दोन प्रकारची हत्यारं असतात. एक म्हणजे आपण ज्याला काटे म्हणतो ते लांब, कडक, लांबूनच दिसणारे. दुसरी म्हणजे कुसळं. फड्यावर ठरावीक अंतराने जे ठिपके, म्हणजे डोळे असतात, त्यांत ही कुसळं दाटीने उभी असतात. बारीक, ठिसूळ आणि टोकाला उलट्या दिशेचे दाते असलेली. हलका स्पर्श झाला तरी सुटून कातडीत शिरतात आणि उलट्या दात्यांमुळे सहज बाहेर येत नाहीत. ‘बिनकाट्याचा’ म्हणजे मोठे काटे गेलेला, एवढंच. कुसळं कमी असतात, पण असतात. माझ्या मते मोठा काटाच जास्त प्रामाणिक, तो निदान आधी दिसतो तरी.

टोचलंच तर चोळू नका आणि तोंडाने ओढायचा तर विचारही करू नका, ती जिभेत जातात. आधी चिमट्याने दिसतील तेवढी काढा. उरलेल्यांवर पांढऱ्या गोंदाचा पातळ थर लावून त्यावर जाळीदार कापड ठेवा, पूर्ण वाळू द्या आणि सोलून काढा. चिकटपट्टीही चालते, पण गोंद जास्त कुसळं ओढून काढतो. डोळ्यात गेल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय नकोत, सरळ डॉक्टर गाठा.

तुम्हाला दाखवलेलं झाड बहुधा ‘ओपन्शिया फिकस-इंडिका’ असेल. नावात ‘इंडिका’ असलं तरी मूळ मेक्सिकोचं. कमी काट्यांची झाडं तिथल्या लोकांनी फार पूर्वीपासून निवडून वाढवली. झाडांच्या नव्या जाती तयार करणाऱ्या अमेरिकेतल्या ल्यूथर बरबँकने १९०७ मध्ये आपल्या बिनकाटी जाती मोठ्या गाजावाजाने बाजारात आणल्या. कोरड्या मुलखात गुरांना चारा होईल असं त्याचं म्हणणं होतं. अडचणी लवकरच कळल्या. काटे नसल्याने कुंपण नसेल तिथे जनावरं झाड उभं राहूच देईनात आणि बियांपासून केलेल्या रोपांना पुन्हा काटे येऊ लागले. म्हणून तुम्हीही बी पेरू नका, फडाच लावा. फड्यापासून आलेलं झाड आईसारखंच निघतं. तरीही फार ताण पडला तर बिनकाट्या झाडाच्या नव्या फड्यांवर एखाददुसरा काटा उगवतो. तुमची फसवणूक झाली असं लगेच समजू नका.

आता लावणी. खरं तर इथे करण्यापेक्षा न करण्याच्याच गोष्टी जास्त आहेत. निदान सहा महिन्यांचा, जून फडा घ्या. धारदार सुरीने बरोबर सांध्यावर कापा. धरायला चिमटा किंवा चार घड्यांचं वर्तमानपत्र वापरा. चामड्याचे हातमोजे टाळा, त्यांत कुसळं रुतून बसतात आणि पुढच्या वेळी आतून टोचतात. कापलेला फडा सावलीत, वारं लागेल असा, एक ते दोन आठवडे नुसता ठेवून द्या. जखमेवर कोरडी, घट्ट खपली धरली पाहिजे. बहुतेकांचं इथेच चुकतं. हिरवा काप ओल्या मातीत खोचला की तो खालून कुजतो, आणि वरून महिनाभर हिरवागार दिसत असल्याने आपल्याला पत्ताही लागत नाही.

जागा दिवसभर उन्हाची हवी, आणि पाणी साचणारी अजिबात नको. माती चिकण असेल तर खड्ड्यात वाळू भरण्याचा खटाटोप करू नका, तो खड्डा पावसाळ्यात हौद होतो. उलट जमिनीवरच वाळू, बारीक खडी आणि मातीचा वीतभर उंच ढीग करा. फडा उभा, साधारण एक तृतीयांश आत जाईल एवढा रोवा. हलत असेल तर दोन दगडांचा टेकू द्या. फड्याच्या सपाट बाजू पूर्वेला आणि पश्चिमेला ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन तोंडावर आणि दुपारचं कडेवर पडतं. सावलीत वाढलेला फडा एकदम कडक उन्हात ठेवला तर भाजून पांढरट डाग पडतात, त्याला आठवडाभर सवय होऊ द्या.

लावल्यावर दोन-तीन आठवडे पाणी नाही. मुळं धरल्यावर, माती आतपर्यंत वाळली की एकदा भरपूर, मग पुन्हा विसरून जायचं. हे झाड आपली रंध्रं रात्री उघडतं आणि दिवसा मिटून घेतं, त्यामुळे फार थोड्या पाण्यात भागवतं. तहान लागली की फडे सुरकुततात. सुरकुतलेला फडा एका पाण्यात टवटवीत होतो, कुजलेला कशानेच होत नाही. थंडीत उणे ५ अंशांच्या आसपास हे झाड दगावू लागतं. तुमच्याकडे त्याहून जास्त गारठा असेल तर ‘एलिसियाना’ ही कमी उंचीची, जवळपास बिनकाटी जात शोधा, ती बरीच जास्त थंडी सोसते.

पहिला नवा कोंब फुटेल तेव्हा त्यावर हिरवी, शंकूसारखी टोकं दिसतील. मी घाबरून एक कोंब खुडूनच टाकला होता. ते काटे नव्हते, ती निवडुंगाची खरी पानं! काही आठवड्यांत आपोआप गळतात. आपण ज्याला पान समजतो तो फडा म्हणजे खरं तर खोड.

कीड म्हटली तर एकच लक्षात ठेवा. फड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर काडीने एक चिरडून पाहा. लालभडक रंग निघाला तर तो कोचिनील किडा, ज्याच्यापासून कार्माइन रंग करतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा, उरले तर साबणाच्या पाण्याने पुसा.

छाटलेले फडे मात्र कुठेही फेकू नका, खतखड्ड्यातसुद्धा नाही. जमिनीवर पडलेला तुकडाही मुळं धरतो. ऑस्ट्रेलियात याच्या भाईबंदांनी एकेकाळी सुमारे २.४ कोटी हेक्टर जमीन व्यापली होती. १९२६ पासून अर्जेंटिनाहून आणलेला एक पतंग सोडला, त्याच्या अळ्यांनी फडे पोखरले तेव्हा कुठे ते आटोक्यात आलं. क्वीन्सलँडमधल्या बुनार्गा इथे त्या पतंगाच्या नावाने चक्क एक सभागृह आहे. काही देशांत फड्या निवडुंग लावायलाच बंदी आहे, तेव्हा आधी स्थानिक नियम पाहून घ्या. कापलेले तुकडे पूर्ण वाळवून मगच कचऱ्यात द्या.

मुलीसाठी एवढंच करा: झाड वाटेपासून दोन मीटर आत लावा, कारण फिकस-इंडिका तीन मीटरच्याही वर जातं आणि आडवंही पसरतं. फळांवरही कुसळं असतात, ती तिला तोडू देऊ नका. दोन-तीन वर्षांनी फुलं येतील. तेव्हा तिला एक लांब गवताची काडी द्या आणि उमललेल्या फुलातल्या पुंकेसरांना हळूच लावायला सांगा. ते सगळे हळूहळू आत वळतात. फूल बहुधा एकच दिवस टिकतं, तेव्हा सकाळीच घेऊन जा.