आजीच्या औषधाच्या डब्यात गार्डिनलच्या गोळ्या सापडल्या, झोपेसाठी घेतल्या तर चालतील का?

तुम्ही लिहिलंय की आजी गेल्यावर त्यांच्या डब्यात गार्डिनलची अर्धी पट्टी सापडली, तुम्हाला बरेच दिवस नीट झोप नाही, आणि ही जुन्या काळातली झोपेचीच गोळी, तर एखादी घेतली म्हणून काय बिघडतं? शिवाय या जातीच्या गोळ्या, म्हणजे बार्बिच्युरेटं, बंद झाली म्हणतात, मग आजीला ती मिळत कशी होती?

घेऊ नका. बेळगावात शहापूरला माझं मेडिकल आहे आणि हा प्रश्न काउंटरवर वेगवेगळ्या रूपांत येतच असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गार्डिनल म्हणजे फेनोबार्बिटल. ते ज्या बार्बिच्युरेट घराण्यातलं, त्याचं मूळ रसायन अडॉल्फ फॉन बायर यांनी १८६४ मध्ये तयार केलं, पण त्याने कुणाला झोप येत नव्हती. त्यात फेरफार करून एमिल फिशर आणि योझेफ फॉन मेरिंग यांनी १९०३ मध्ये झोप आणणारं औषध पुढे आणलं, ते 'व्हेरोनाल' नावाने खपलं. फेनोबार्बिटल १९१२ मध्ये 'ल्युमिनाल' म्हणून आलं. त्याच वर्षी आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण जर्मन डॉक्टरने ते फिट येणाऱ्या रुग्णांना रात्री शांत ठेवण्यासाठी दिलं, तर त्यांच्या फिटच कमी झाल्या! झोपेचं औषध म्हणून हे घराणं मागे पडलं, पण ही गोळी त्या एका गुणावर टिकली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आजही आहे. स्वस्त आहे आणि बहुतेकांना रात्री एकदाच घेतली तरी भागतं. आजींना बहुधा फिटसाठीच चालू असणार, घरात विचारून बघा.

आता धोका कुठे आहे ते. मेंदूला शांत करायचं काम गाबा नावाचं रसायन करतं. हल्लीच्या अल्प्राझोलमसारख्या गोळ्या त्या गाबाला हातभार लावतात, गाबा नसेल तर त्यांचं फारसं चालत नाही. बार्बिच्युरेट मात्र मात्रा वाढली की गाबाची वाट बघत नाही, स्वतःच मेंदू दाबायला लागतं. मग गुंगी, झोप, बेशुद्धी आणि श्वास बंद, असा उतार लागतो आणि मध्ये कुठे अडकायला जागा नाही. उताराही नाही. दवाखान्यात श्वास चालू ठेवतात आणि औषध अंगातून जायची वाट बघतात. फेनोबार्बिटल निम्मं उतरायलाच मोठ्या माणसाला साधारण तीन-चार दिवस लागतात.

खरी गोम तर पुढेच आहे. रोज घेतलं की शरीर सरावतं. कालची गोळी आज झोप आणत नाही, माणूस वाढवतो. पण श्वास चालवणारा मेंदूचा भाग तितका सरावत नाही. म्हणजे झोपेला लागणारी मात्रा वर सरकत जाते आणि जीव घेणारी जवळपास जागच्या जागी राहते. त्यात संध्याकाळी चोर्ला घाटातून आलेली गोव्याची बाटली असेल तर ते अंतर आणखी कमी. अमेरिका-इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धानंतर डॉक्टरांनी या गोळ्या वाटल्यासारख्या लिहून दिल्या आणि हेच घडलं. १९६२ मध्ये हॉलिवूडची नटी मेरिलिन मन्रो गेली, १९६९ मध्ये लंडनमध्ये नटी-गायिका जुडी गारलंड. दोघींच्या बाबतीत बार्बिच्युरेटच. नावं मोठी म्हणून लक्षात राहिली, बाकीच्यांचा कुणी हिशोब ठेवला? १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये ती लिहू नका म्हणून डॉक्टरांसाठी मोहीम निघाली. तोवर १९६३ पासून अल्प्राझोलमच्याच जातीचं डायझेपाम हाताशी होतंच. मधल्या काळात 'बार्बिच्युरेट नाही, म्हणून सुरक्षित' असं सांगून मॅन्ड्रॅक्स हे झोपेचं औषध विकलं गेलं. त्यातलं मेथाक्वालोन १९५१ मध्ये भारतातच तयार झालं होतं, मलेरियावरचं औषध शोधताना. त्याचीही पुढे नशेची गोळीच झाली.

आपल्याकडे फेनोबार्बिटल बंद नाही, चिठ्ठीवर मिळतं, आणि १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांवरच्या, कायद्याच्या यादीतही आहे. पण चिठ्ठी म्हणजे काय, हे काउंटरच्या आतून बघा. चार घड्या पडून फाटलेली, सेलोटेपने जोडलेली, मागे जांभळे शिक्के, तारीख वाचता येत नाही. "मामा, द्या की, रोजचीच हाय." आणि आमच्या सीमाभागातली तऱ्हा अशी की चंदगडची माणसं बेळगावला येतात, निपाणीची कोल्हापूरला जातात. एकाच घरात दोन राज्यांतल्या डॉक्टरांच्या फायली. तिकडच्याने फिटची गोळी लिहिली ती इकडच्याला ठाऊक नाही, इकडचा वर झोपेची लिहितो, आणि म्हातारा माणूस दिवसभर पेंगत बसतो. घरचे म्हणतात, वय झालं. दुकानदारही सगळे धुतल्या तांदळासारखे नाहीत. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून देणारे आहेतच.

तुमच्या अर्ध्या पट्टीचं आणखी एक. आम्ही कात्रीने गोळ्या कापून देतो तेव्हा तारखेचा तुकडा बऱ्याचदा आमच्याकडेच राहतो, तेव्हा ती पट्टी कधीची हे तुम्हाला कळणार नाही. रक्त पातळ करणारी गोळी किंवा गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर फेनोबार्बिटल काही दिवस घेतल्यावर त्यांचा जोर कमी होतो, तोही घोळ नको. पट्टी ओळखीच्या मेडिकलमध्ये नेऊन द्या, मुदत संपलेल्या मालात टाकतील. कचऱ्याच्या गाडीत टाकू नका.

उलटी बाजूही सांगतो, कारण हे वाचून कुणीतरी घाबरून तेच करेल. घरात कुणाला फिटसाठी ही गोळी चालू असेल तर ती एकदम थांबवू नका. अचानक बंद केली की फिटवर फिट येऊ शकते. डॉक्टर हळूहळू उतरवतात.

झोपेचं म्हणाल तर इतके दिवस झोप नसणं हे डॉक्टरला दाखवण्यासारखंच दुखणं आहे. आजी गेल्यापासूनच सुरू झालं असेल तर तेही मोकळेपणाने सांगा. लांब जायला जमत नसेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात.