दोन फुटी टाकीला केवढा फिल्टर लागेल?

टाकी २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच आणि आत दोन छोटे गोल्डफिश, असं तुम्ही लिहिलंय.

आधी पाणी मोजा. ६० × ३० × ३० सेंमी, भागिले १०००, म्हणजे ५४ लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा करून ४५ धरा. तासाला सगळं पाणी ४-५ वेळा फिल्टरमधून जायला हवं, म्हणजे साधारण २०० लिटर. पण फिल्टरच्या खोक्यावरचा आकडा बहुधा स्पंज न लावलेल्या पंपाचा असतो. स्पंजात गाळ साचला की धार बरीच मंदावते. त्यात गोल्डफिश घाण फार करतात. तुम्ही तासाला ४०० लिटरचाच फिल्टर घ्या. (मासे वाढले की टाकीही मोठी लागेल.)

बेट्टा (फायटर मासा) असता तर एवढा जोर नको म्हटलं असतं, लांब पंखांमुळे तो प्रवाहात दमतो. त्याला एअर पंपावरचा स्पंज फिल्टर बरा.

आणि कृपा करून स्पंज नळाखाली धुऊ नका. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने, माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे स्पंजातले जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच दोन-तीनदा पिळा. रात्रीही फिल्टर चालूच ठेवा.